पप्पांना शांततेची गरज आहे

पप्पांचं बीपी खाली आणायचं काम मी अंगावर घेतलं, तेव्हा घरात कुणीच विरोध केला नाही. मी कुणाला विचारलंच नव्हतं, हा भाग वेगळा.

मी नववीत आहे. दवाखान्यातल्या योगिनी सिस्टरनी आमच्या शाळेत बीपीवर तास घेतला, तेव्हा मशीनचा पट्टा बांधायला अख्ख्या वर्गातून मलाच पुढे बोलावलं होतं. तेव्हा आलेला आत्मविश्वास अजून उतरलेला नाही.

पप्पा चाकणला एका कंपनीत फोर्कलिफ्ट चालवतात. शुक्रवारी कंपनीत मेडिकल होतं. बीपी जास्त निघालं, तर फोर्कलिफ्ट काढून घेऊन पॅकिंगला बसवणार. पप्पा त्या फोर्कलिफ्टबद्दल असं बोलतात की ऐकणाऱ्याला वाटावं, घरी तिसरं अपत्य आहे.

रोज वेळेवर गोळी, मीठ कमी, मोजण्याआधी पाच मिनिटं गप्प बसायचं. सिस्टरचं सगळं मी घरात लागू केलं. पण कंपनीत सगळे डबे मधे ठेवून जेवतात, आणि पप्पांचा हात कायम दुसऱ्याच्या लोणच्यात. म्हणून बुधवारी रात्री कामावरून येऊन ते आंघोळीला गेल्यावर मी त्यांच्या फोनवरून शिफ्टच्या ग्रुपवर लिहिलं :

‘मारुतरावांना बीपीचा त्रास आहे. कृपया लोणचं-पापड देऊ नये. त्यांना आता पूर्ण शांततेची गरज आहे. – शोकाकुल नव्हे, पण काळजीत असलेले कुटुंबीय.’

मला ते भारदस्त वाटलं.

गुरुवारी सगळ्या शिफ्टला सुट्टी. मी पप्पांना खुर्चीत बसवून पट्टा बांधला, तेवढ्यात बेल वाजली. दारात सोपानराव, हातात शहाळं. मागे कुलदीपकाका, शहाळं. त्यांच्यामागे जिनाभर शिफ्ट.

सोपानराव पट्ट्याकडे बघून हळूच म्हणाले, “कवापास्नं हाय?”

“काय?” पप्पा म्हणाले.

“बोलू नगा. आमच्या साडूचं बी असंच. आधी लोणचं बंद झालं, मंग...” त्यांनी वर बघितलं.

“गेले?”

“न्हाई, वरच्या मजल्यावं ऱ्हात्यात. पर तोंड वाकडं झालं.”

“फोर्कलिफ्टचं टेन्शन नको घेऊ, भावा,” कुलदीपकाका म्हणाले. “साहेबांना सांगितलंय. उद्यापासून पिंटू चालवेल.”

पिंटूने गेल्या महिन्यात कॅन्टीनची भिंत पाडली होती. पप्पा पट्ट्यासकट उभे राहिले.

“बसा पप्पा, रीडिंग चुकतं,” म्हणत मी बटण दाबलं.

एकशे ऐंशी. सोपानरावांनी ते जिन्यात वाचून दाखवलं. खालच्या पायरीपर्यंत त्याचे दोनशे वीस झाले होते.

“स्वरूपा,” आई चहाचा ट्रे धरून म्हणाली, “तू ग्रुपवर काय लिहिलंस?”

पप्पांनी फोन उघडून वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. बीपी परत मोजायची ती वेळ नव्हती.

शुक्रवारी संध्याकाळी पप्पा आले, शांतपणे बूट काढले.

“किती?” मी विचारलं.

“एकशे अठ्ठावीस. फोर्कलिफ्ट माझ्याकडेच.”

“बघा, मी मीठ कमी केल्यामुळे...”

“कंपनीच्या सिस्टर म्हणाल्या, मीठ कमीच ठेवा, गोळी चुकवू नका. मग घरचं एकशे ऐंशी ऐकून विचारलं, घरीच एवढं कसं वाढतं? मी सगळं सांगितलं.”

“मग?”

“म्हणाल्या, घरी मोजत राहा. फक्त त्या वेळी मुलीला दूध आणायला पाठवा.”

सध्या आमच्या फ्रिजमध्ये दुधाशिवाय काही मावत नाही.