बॅटरी बाईंच्या ताब्यात

अंगणातली वाळकी फांदी कापायची तर आधी करवतीला बॅटरी हवी, आणि बॅटरी बाईंच्या ताब्यात होती. ही व्यवस्था साहेबांनीच लावलेली असल्यामुळे तक्रार करायची तर स्वतःकडेच करावी लागणार होती.

साहेबांची उभी नोकरी बँकेच्या तिजोरीवर गेली. तिजोरीला दोन किल्ल्या, त्या दोन माणसांकडे, आणि एकट्याने उघडायची नाही म्हणजे नाही. निवृत्त झाल्यावर तिजोरी सुटली, पण दोन किल्ल्यांची सवय काही सुटली नाही. त्यामुळे बॅटरीवर चालणारी चेनची करवत घरात आली त्याच दिवशी फर्मान निघालं.

"करवत माझ्याकडे, बॅटरी तुझ्याकडे. माझी तयारी नीट झाली अशी तुझी खात्री पटेपर्यंत, मी कितीही मागितली तरी द्यायची नाही. कळलं?"

"अज्जिबात देणार नाही," बाई म्हणाल्या. नवऱ्याचं म्हणणं इतक्या आनंदाने त्यांनी आजवर कधी मान्य केलं नव्हतं.

खरं म्हणजे प्रश्न फांदीचा नव्हता, मेव्हण्याचा होता. बाईंच्या या धाकट्या भावाने एकदा साहेबांच्या स्वयंपाकघरातला गळका नळ दुरुस्त केला होता. नळ थांबला, पण त्याची गोष्ट थांबली नाही. चार माणसं जमली की मेव्हणा ती सुरू करी आणि साहेब खिडकीबाहेर बघत बसत. वाऱ्याने फांदी अर्धी चिरून लोंबकळतेय हे कळताच त्याचा फोन आला.

"भावोजी, तुम्ही हात लावू नका हं. वाळकं लाकूड ते, दोन हिसक्यांत खाली आणतो. रविवारी येतोच!"

साहेबांनी फोन ठेवला आणि तडक दुकान गाठलं. दुकानदार गोड बोलणारा होता. "आवाज इतका कमी साहेब, की शेजाऱ्याला पत्ता लागणार नाही. हाताला धक्का नाही, धूर नाही. लोण्यातून सुरी फिरल्यासारखं." साहेबांनी माहितीपुस्तिका तोंडपाठ केली आणि आठवडाभर जेवताना बाईंना वाढली.

रविवारी सकाळी साहेब सजले. डोक्याला हेल्मेट, तोंडावर जाळी, डोळ्यांना गॉगल, हातात जाड मोजे, पायांत बूट, आणि करवत निसटली तरी पाय वाचावा म्हणून अशी भरभक्कम पँट की तिच्यात गुडघा वाकायला तयार नव्हता. आवाज अडवणारे कानावरचे जाड गोळे तेवढे गळ्यात लोंबत होते. अशा थाटात ते स्वयंपाकघराच्या दारात तिरके होऊन शिरले.

"बॅटरी."

"चेनला तेल घातलंत?" बाईंनी भाजी निवडता निवडता विचारलं.

साहेब गेले. मोजे काढले, तेल घातलं, मोजे चढवले, आले. "बॅटरी."

"चेन सैल नाही ना?"

साहेब पुन्हा गेले. पुन्हा आले तेव्हा गॉगलवर आतून वाफ धरली होती. "आता दे गं!"

"आसपास कुणी नाही ना?"

आसपास कुंपणावर मांजर होतं. त्याला हाकलण्यात बराच वेळ गेला, कारण मांजराने माहितीपुस्तिका वाचलेली नव्हती.

"बरं, कापणार कशी?" बाईंनी शेवटी विचारलं.

"शिडीवर चढून."

"शिडीवर उभं राहून करवत चालवायची नाही. मंगळवारी जेवताना तुम्हीच सांगितलंत."

"मग खालूनच, हात वर करून."

"खांद्याच्या वर न्यायची नाही. बुधवारी जेवताना."

साहेबांना प्रथमच वाटलं, की माणसाने जेवताना गप्प बसावं. घड्याळ पुढे सरकत होतं आणि मेव्हणा वाटेत होता. त्यांचा चेहरा इतका उतरला, की बाईंनी स्वतःच खिडकीतून बोट दाखवलं. शेजारच्या घराला रंग देणारा रंगारी आपल्या चाकांच्या परांचीवर बसून विडी ओढत होता.

"देतो की," रंगारी म्हणाला. "पण मला बघायला मिळालं पाहिजे."

"लांबून!" साहेब कडाडले.

परांची आली. चाकांखाली विटा लागल्या. बाईंनी ती गदगदा हलवून बघितली आणि मान डोलावली. साहेब ताठ पायांनी कसेबसे वर चढले. फांदी आता बरोबर कमरेपाशी होती.

"आता नीट ऐक," साहेब वरून म्हणाले. "बॅटरी लावलेली करवत हातातून हातात द्यायची नाही. आधी नुसती करवत दे. मी पाय रोवतो, पात्यावरचं म्यान काढतो, कान झाकतो. मग बॅटरी."

बाईंनी करवत वर दिली. साहेबांनी पाय रोवले, म्यान काढलं, कान झाकले. आणि नेमका त्याच क्षणी फाटकाबाहेर मेव्हण्याची गाडी थांबली.

मेव्हणा गाडीतून उतरत होता, त्याच्या हातात कुऱ्हाड होती. साहेबांनी दोन्ही हातांनी करवत आवळली, फांदीवर टेकवली आणि खटका दाबला.

"अहो, बॅटरी!" बाई खालून ओरडल्या.

साहेबांना काही ऐकू आलं नाही. बायको हात उंचावून आपल्याला धीर देतेय, एवढंच जाळीतून दिसलं. त्यांनी हसून मान हलवली आणि अंगातला सगळा जोर लावला. करवतीचा आवाज नव्हता, धक्का नव्हता, धूर तर नव्हताच. दुकानदार शब्दाला जागला होता. चिरलेली फांदी जराशी कुरकुरली, मग काड्‌कन मोडून अंगणात आडवी झाली.

मेव्हणा कुऱ्हाड हातात धरून बघतच राहिला. "भावोजी, मानलं बुवा तुम्हाला!"

साहेबांनी कानावरचे गोळे बाजूला केले. "यंत्राचा आवाज आला का तुला?"

"नाही हो!"

"तेच तर!" साहेब म्हणाले.

रंगाऱ्याने तोंड उघडलं. "पण साहेब, ती बॅट—"

"रंगारीदादा, चहा घेणार ना?" बाई एवढ्या जोरात म्हणाल्या, की त्याचं तोंड आपोआप मिटलं. बॅटरी त्यांनी पाठीमागे धरली होती. वरती साहेब निवृत्तीनंतर पहिल्यांदाच छाती पुढे काढून उभे होते, आणि ते बघून बाईंना खरोखर बरं वाटलं. या बॅटरीपायी आता त्यांचा हा आनंद घालवायचा नाही, असं त्यांनी ठरवलं.

चहाबरोबर फांदीची गोष्ट साहेबांनी दोनदा सांगितली. नळाचं नाव निघालं नाही. उलट मेव्हणाच अजिजीने म्हणाला, "भावोजी, आमच्या परसात तीन झाडं माजलीत. येत्या रविवारी या ना करवत घेऊन!"

"येतो," साहेब म्हणाले. "दोन हिसक्यांत खाली आणतो."

सगळे गेल्यावर साहेब नियमाप्रमाणे करवत पुसायला बसले. पुसण्याआधी बॅटरी काढायची, म्हणून त्यांनी हात घातला, तर खाच रिकामी. ते बायकोकडे वळले.

"बॅटरी कुठाय?"

"माझ्याकडे."

"तू कधी काढलीस?"

"अगदी वेळेवर," बाई म्हणाल्या.

साहेबांचा चेहरा उजळला. "शाब्बास! याला म्हणतात शिस्त."

बाईंनी मान डोलावली आणि बॅटरी चार्जरला लावली. भावाच्या परसातली तिन्ही झाडं चांगली हिरवीगार होती.