वाघाची सुरी आणि शेळीचा सल्ला

एका जंगलात एक वाघ राहत होता. कुठल्या जंगलात ते विचारू नका, बाळांनो. नाव घेतलं की तिथले वाघ खुलासा मागतात.

या वाघाच्या दाढा हलायला लागल्या होत्या. शिकार जमायची, पण चावताना डोळ्यांत पाणी यायचं. राजाने जेवताना रडणं बरं दिसत नाही. म्हणून सहलीला आलेली माणसं एक सुरी विसरून गेली, तेव्हा वाघाने ती उचलली आणि जाहीर केलं, "आजपासून आम्ही कापून खाणार. चावणं हे रानटीपणाचं लक्षण आहे."

त्याच दिवशी त्याने रंगी नावाची शेळी धरून आणली आणि वेलीने झाडाला बांधली. सुरी तिच्या मानेवर ठेवून पाहिली. केससुद्धा विस्कटला नाही.

"बोथट आहे," वाघ म्हणाला. "धार लावणाऱ्याला बोलवा."

धार लावणारा त्या जंगलात कुणीच नव्हता. त्यामुळे तज्ज्ञ दोन आले. कोल्ह्याने एक खरबरीत दगड आणला. माकडाने कान तुटलेला कप आणला.

"महाराज, धार म्हणजे सगळा कोनाचा खेळ," कोल्हा म्हणाला. "सुरी दगडावर जवळजवळ आडवी धरायची. धार अशी बारीक येते की शेळीला कळतसुद्धा नाही."

"आणि पहिल्याच हाडावर मोडते," माकड म्हणालं. "सुरी उभी धरा. कपाच्या बुडावर घासा. आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या कपच चालतो."

"तुमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या केळी सोलतात. त्याला सुरी कशाला लागते?"

झालं. कोल्ह्याने सुरी आडवी घासली. माकडाने हिसकावून उभी घासली. एकाने लावलेली धार दुसरा घालवायचा. बघे जमले. आडवे आणि उभे असे दोन पक्ष पडले. ज्यांना नखंसुद्धा नव्हती ते सगळ्यांत तावातावाने बोलू लागले. एका गांडुळाने तर उभ्यांच्या बाजूने उपोषण धरलं. वाघ भुकेने कळवळत होता, पण तज्ज्ञांना मध्येच थांबवलं तर आपलं अज्ञान दिसेल, म्हणून गप्प बसला.

या गडबडीत रंगी वेल चघळत होती. ती गावातून पळून आलेली होती. मटणाच्या दुकानामागे तिचं बालपण गेलं होतं. असल्या वेळी डोकं शांत ठेवायचं असतं, हे तिला ठाऊक होतं. चघळता चघळता वेलीचा एकच धागा उरला. एक हिसका दिला की ओढा, आणि ओढ्यापलीकडे करवंदीच्या दाट जाळ्या. वाघ तिथे शिरला असता तर मिशा ठेवून आला असता.

तुम्ही म्हणाल, पळाली असेल. तुम्ही तज्ज्ञ नाही, म्हणून तुम्हाला असं वाटतं.

नेमकी तेव्हाच माकडाने सुरी पुन्हा कपावर घासायला घेतली. दर वेळी घासताना मनगट हलत होतं आणि कोन बदलत होता. खर्र, खुर्र, खट्. रंगीच्या अंगावर काटा आला. तिने डोळे मिटले, पण कान मिटता येईनात.

"अहो, मनगट," ती पुटपुटली.

"काय म्हणालीस?" कोल्ह्याने विचारलं.

काही नाही म्हणावं ना बाईने? पण नाही.

"मनगट हलू देऊ नका," तोंडातली वेल थुंकून रंगी म्हणाली. "आडवी नाही नि उभी नाही. सुरीची पाठ दगडापासून करंगळी जाईल एवढीच उचला आणि शेवटपर्यंत तेवढीच ठेवा. आधी हा खरबरीत दगड, मग ओढ्यातला गुळगुळीत. वर पाणी शिंपडत राहा. आणि एवढा जोर कशाला लावताय? दगड पळून चाललाय का?"

माकडाने मुकाट्याने तसं केलं.

"दोन्ही बाजूंनी सारखं," रंगी दटावत होती. "आता शेवटचा हात कातड्यावर फिरवायचा."

"कातडं कुठाय?" माकडाने विचारलं.

"ते नंतर मिळेल," कोल्हा म्हणाला.

"राहू दे, एवढी पुरे. बघा माझ्या दाढीवर." रंगीने हनुवटी पुढे केली. सुरी नुसती टेकली आणि दाढी खाली पडली. सगळ्या जंगलाने टाळ्या वाजवल्या. रंगीचा ऊर भरून आला.

"याला म्हणतात धार," ती वाघाला म्हणाली.

वाघाने लगेच खात्री करून घेतली.

मला अजून तिचा राग येतो, बाळांनो, आणि वाईटही वाटतं. एका हिसक्याचं काम होतं.

जेवण झाल्यावर वाघ म्हणाला, "धार उत्तम. मांस मात्र वातड निघालं."

आता कोल्हा जंगलात धार लावायचे वर्ग घेतो. करंगळीच्या युक्तीला सगळे कोल्हापद्धत म्हणतात. ती मुळात आपल्याच घराण्यातली, असं माकडाचं म्हणणं आहे. वाघाला शिकारीला जावं लागत नाही. वर्गात शेळ्या आपण होऊन येतात आणि पहिल्या रांगेत बसतात. मग कोल्हा मुद्दाम सांगतो, "सुरीची पाठ चांगली वीतभर उचला." आणि एक तरी शेळी उठून पुढे येते.

तात्पर्य : ज्ञान दिल्याने वाढतं. वाघाचा तरी अनुभव हाच आहे.