कवडीनं काढलेली करवंदीची जाळी

एका जंगलात, बाळांनो, लांडग्यांचं आणि सशांचं भांडण मिटलं होतं. म्हणजे लांडग्यांनी तसं जाहीर केलं होतं. ससे अजून लपलेलेच होते.

मिटलेल्या भांडणाची आठवण राहावी म्हणून लांडग्यांनी चित्रांचं प्रदर्शन ठेवलं. कवडी नावाच्या सशिणीचा चित्रात हात चांगला. तिला मोठा कातळ मिळाला. गेरू, कोळसा आणि पळसाच्या फुलांचा रंग घेऊन ती बसली. तीन पिल्लं घरी एकटीच, त्यामुळे अर्धा जीव तिकडे.

परीक्षक कोल्हा होता. तो पहिल्या दिवशीच म्हणाला, "कवडीताई, नुसते पळणारे ससे काय काढता? कुठं लपले तेही काढा की. आठवण कशी खरी पाहिजे!"

शिकलेला कोल्हा. तो सांगतो म्हणजे बरोबरच असणार. कवडीनं तळं काढलं, ओढा काढला, ओढ्यापलीकडचा वाकडा मोह काढला. त्याच्याखाली आपल्या घराची करवंदीची जाळी काढली, अगदी काट्यांसकट. मग चित्रावर पानांचा पडदा सोडला.

तेवढ्यात लांडगेदादा आले.

"झालं का, बाई? कोल्हा म्हणाला, लपायची जागासुद्धा येणार आहे चित्रात. आम्ही त्या दिवशी किती हुडकलं हो! उद्या निवांत बघू." दादांच्या डोळ्यांत पाणी होतं. थोडं तोंडालाही होतं.

"हो, दादा," कवडी म्हणाली.

दादा दिसेनासे झाल्यावर ती ओढ्यावर धावली. ओंजळी भरभरून चिखल आणला आणि मोह, जाळी, ओढा, सगळं लिंपून टाकलं.

दुसऱ्या दिवशी नारळ फुटला. पडदा उघडला.

"यात लपायची जागा कुठंय?" दादा गुरगुरले.

कोल्ह्यालाही काही कळलं नव्हतं. पण परीक्षकानं तसं म्हणायचं नसतं.

"दादा, जागा बघणाऱ्याच्या मनात असते. फार मोठं काम आहे हे!"

"ते दिसलंच मला," दादा घाईनं म्हणाले आणि सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या. कवडीला शाल मिळाली. पुढच्या वर्षी सगळ्या चित्रकारांनी चिखलच लावला.

कवडी मात्र त्या दिवशी शाल घेऊन लांबच्या वाटेनं घरी गेली. पिल्लं तिन्ही होती. तिनं दोनदा मोजली.

तात्पर्य : जाणकारांना चित्र कळेनासं झालं, की चित्रकाराची पोरं सुखरूप आहेत असं समजावं.