कादरी सरांची बेगम

आमच्या लातूरच्या क्लासमधले कादरी सर प्राणिशास्त्राचा कुठलाही धडा एका माशावर आणून सोडायचे. बेडूक शिकवायला घेतला, तरी थोड्या वेळात बेगम हजर! सरांनी लाडानं बेगम म्हटलेली ही म्हणजे पाकट माशाची खोल समुद्रातली लांबची बहीण. भाकरीसारखी चपटी, तळाला पडून राहणारी. तिच्याबद्दल शास्त्रज्ञांनाही फारसं ठाऊक नाही म्हणे. सरांना मात्र सगळं ठाऊक. इथं नळाला पाणी आलं तर बातमी होते, आणि आमचे सर समुद्राच्या तळाशी!

"सर, हे परीक्षेला येतं का?" पोरं विचारायची.

"परीक्षा व्हईल हो. आधी बेगम काय करून राहिली ते बघा."

मी फिजिक्सचा. माझ्या तासाला पोरं उघड्या डोळ्यांनी झोपायची. चार वर्षांत मी एवढी एकच गोष्ट नीट शिकवली. सरांच्या पत्र्याच्या शेडमध्ये मात्र बसायला जागा नसायची. माझा जळफळाट व्हायचा, खोटं कशाला बोलू?

मग क्लासच्या मालकांनी नवी इमारत बांधली. शेड पाडायची ठरली. सर म्हणाले, "मी आत शिकवणार न्हाई." मालक म्हणाले, "मग घरी बसा." समजूत काढायला मला धाडलं. का, तर मी गोड बोलतो! हा शोध मालकांचा. आमच्या घरात कुणालाच पटणार नाही.

शेडमध्ये जाऊन मी सिमेंट, सळई, भाराचं गणित, सगळं ज्ञान पाजळलं. "सर, वर हत्ती नाचले तरी हा स्लॅब हलायचा नाही!"

सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "बेगमच्या डोक्यावर मैलभर पाणी हाय. पण माळवद न्हाई."

मी फिस्सकन हसलो. अक्कल म्हणून नाही मला.

"आमच्या गावात समद्या घरांवर दगडामातीची माळवदं. भूकंप झाला त्या रात्री मी अंगणात झोपलो व्हतो. अम्मीबी बाहेरच व्हती. तिला मच्छर चावून राहिले म्हणून मीच हाताला धरून आत नेऊन झोपवलं." सरांनी वर पत्र्याकडं बघितलं. "आता ही लोकांची लेकरं मी कशी आत नेऊ? तुम्हीच सांगा."

मी तसाच उठून मालकांकडं गेलो. म्हणालो, "शेड पाडली तर मीपण येणार न्हाई."

"तुमचं जाऊ द्या हो," मालक म्हणाले, "पण रडून कशाला राहिलात?"

मी सांगितलं. शेड राहिली.