चिंचवाहीचं अधिकृत भगदाड

चिंचवाहीच्या रेल्वे फाटकावर आजवर एकही अपघात झाला नव्हता, ही बाब खात्याच्या दृष्टीने चिंताजनक होती. अपघात नाही म्हणून चौकशी नाही, चौकशी नाही म्हणून शिफारशी नाहीत, आणि शिफारशी नाहीत म्हणून उपाययोजना शून्य. म्हणजे इथली माणसं कोणत्याही उपाययोजनेशिवाय, निव्वळ स्वतःच्या मर्जीने जिवंत होती. असा बेशिस्तपणा फार काळ चालू देणं योग्य नव्हे, असं ठरलं आणि सुरक्षा निरीक्षक गजेंद्र कुबडे यांची तिथं नेमणूक झाली.

गजेंद्र समुद्रपूरचा. त्याच्या गावाला एसटी आहे, रेल्वे नाही. त्यामुळे रेल्वेबद्दल त्याला लहानपणापासून आदरही होता आणि धाकही. रुळावर माणूस दिसला की त्याच्या पोटात गोळा यायचा. खात्यात हा गुण दुर्मिळ. बाकीच्यांच्या पोटात गोळा यायला रुळावर वरिष्ठ दिसावा लागे.

पहिल्याच सकाळी त्याने पाहिलं ते असं. कोळशाच्या मालगाडीसाठी गेटमन महादेवरावांनी फाटक पाडलं. फाटक पडताच अख्खं गाव वाकलं. शाळेचे गुरुजी वाकले, दूधवाला सायकल आडवी करून सरकला. आणि डोक्यावरची वांग्यांची टोपली तसूभर न कलंडू देता, नुसती गुडघ्यात वाकत शकुबाई दांड्याखालून निघाली.

गजेंद्र धावला. "बाई, फाटक बंद आहे!"

"बंद हाय म्हणूनच वाकून राह्यली न बाप्पा. उघडं असतं तं सरळ नसती का गेली?"

"गाडी येते आहे."

"थे पाहा, बाभळीपाशी हाय. मले दिसते न. तुमाले नाई दिसत काय?"

गजेंद्रला दिसत होती. पण दिसणं हा नियमात बसणारा उपाय नव्हता. त्याने शकुबाईला थांबवलं. मालगाडी गेली, तिच्या मागोमाग पॅसेंजर आली, आणि फाटक उघडेपर्यंत ती पॅसेंजर पलीकडच्या स्टेशनावरून वर्ध्याच्या दिशेने निघूनही गेली. बाजाराचा दिवस बुडाला. शकुबाईने टोपली खाली ठेवली आणि गजेंद्रकडे नीट पाहून घेतलं.

"गाडीच्या हातून मी आजलोक वाचली, साहेब," ती म्हणाली. "तुमच्या हातून नाई वाचली."

हे वाक्य त्याला लागलं. पण लागलेलं वाक्य घेऊन घरी बसणाऱ्यांपैकी तो नव्हता. त्याने त्याच दिवशी शिफारस केली, की लोक दांड्याखालून वाकून जातात, सबब दांड्याला खाली लोखंडी जाळी लावावी.

जाळी लागली आणि वाकणं शंभर टक्के बंद झालं. विभागाचे तराळेसाहेब खूश झाले. गाव मात्र आता फाटकाच्या बाजूने, नालीतून उतरून जाऊ लागलं. सबब गजेंद्रने भिंतीची शिफारस केली. दोन्ही अंगांनी, फाटकापासून थेट पुढच्या वळणापर्यंत, चांगली पुरुषभर उंचीची भिंत उभी राहिली. तिच्यावर 'आपली सुरक्षा, आपली जबाबदारी' असं निळ्या रंगात लिहिण्यात आलं. ही जबाबदारी कोणाची आहे, याबद्दल खात्याचा गोंधळ तेव्हापासून मिटला.

फाटक मालगाड्यांच्या ओळीने तासन्‌तास बंद राहायचं आणि पॅसेंजर कोणासाठी थांबायची नाही. आठवड्याच्या आतच वळणावर, समोरासमोरच्या दोन्ही भिंतींना भगदाड पडलं. ते कोणी पाडलं हे गावात कोणालाच माहीत नव्हतं. पण ते बरोबर शकुबाईच्या टोपलीच्या मापाचं होतं.

भगदाड पाहून गजेंद्रच्या तोंडचं पाणी पळालं. फाटकावर गाडी लांबून दिसायची. इथं वळण होतं, वर भिंत आडवी. गाडी दिसायची ती एकदम अंगावर आल्यावरच. तो तडक तराळेसाहेबांकडे गेला.

"भगदाड फाटकावर आहे का?" साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब, वळणावर."

"मग ते आपलं नाही. आपल्याकडे फाटक. भिंत बांधकामवाल्यांकडे."

"मग बांधकामवाल्यांना कळवू?"

"काय कळवणार? भगदाड म्हणजे भिंत नसणं. जे नाही, ते कोणत्याच खात्याकडे नसतं, कुबडे."

"पण साहेब, माणूस मरेल तिथं."

"फाटकावर?"

"नाही, वळणावर."

"मग तुम्ही शिल्डच्या तयारीला लागा बरं."

कारण चिंचवाहीच्या फाटकाला 'आदर्श सुरक्षित फाटक' म्हणून शिल्ड मिळाली होती. मिळणारच. फाटक पडल्यावर त्याच्या आसपास आता माणूसच काय, बकरीही फिरकत नव्हती.

समारंभ फाटकाच्या अलीकडे झाला. मांडव, बँड, फोटोवाला, सगळं होतं. तराळेसाहेबांनी सुरक्षेवर असं भाषण केलं, की महादेवराव खुर्चीवर शांत झोपी गेले. मागून गजेंद्रने हलवलं तेव्हा त्यांनी उठून फाटक पाडलं, कारण मालगाडीची खबर आली होती. नेमकं जेवण होतं रुळापलीकडे, सरपंच मोहिनीताईंच्या वाडीत. गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे पानगे आणि वांग्याची भाजी. तुपाचा वास भिंत ओलांडून मांडवात शिरला. मंडळी फाटकापाशी उभी राहिली. मालगाडी येईना.

"महादेवराव, उघडा जरा," साहेब म्हणाले.

"नाई उघडत साहेब. नेमच तसा हाय."

"मग कुबडे, थोडं..." साहेबांनी दांड्याकडे पाहिलं. दांड्याला जाळी होती, आणि फोटोवाला कॅमेरा सरसावून उभा होता. आदर्श फाटकाचा नियम आदर्श फाटकावर मोडणं शक्यच नव्हतं. तो मोडायचा तर जिथं नियमच नाही तिथं जाऊनच. मंडळी गुपचूप वळणाकडे वळली. तुपाच्या वासाने फोटोवालाही मागोमाग निघाला.

गजेंद्रने एकदा तोंड उघडलं. "साहेब, इथं..."

"पानगे थंड होतील, कुबडे."

नारिंगी जॅकेट घालून तो सगळ्यांत पुढे झाला. रुळाच्या मधोमध उभं राहून, मागे वळून, "या साहेब, जपून, खडी आहे," असं म्हणत त्याने तराळेसाहेबांना हात दिला. इंजिनाची शिट्टी झाली. पण मांडवातला बँड अजून वाजतच होता, आणि सर्वांना वाटलं सनईवाला रंगात आलाय. साहेब पलीकडच्या भगदाडात शिरले. गजेंद्र मात्र मागच्या माणसासाठी तिथंच थांबला.

कोणीतरी त्याची मानगूट धरली. नुसती धरली नाही, ओढली. वांग्याचं झुडूप मुळासकट उपटावं तशी. तो खडीवर आपटला आणि मालगाडी त्याच्या बुटांना वारा घालत निघून गेली. डबे संपता संपेनात.

शेवटी धूळ बसली. शेजारी शकुबाई बसली होती. तिची टोपली कलंडली होती.

"मेलते न तुमी," ती म्हणाली. मग रागावून रडू लागली. "पैले थे लांबून दिसे. आता अंगावर आल्याशिवाय दिसत नाई. मी बी रोज देवाचं नाव घेऊनच डोकं भाईर काढते. काऊन बांधली असंन ही भित?"

भिंत गजेंद्रने शकुबाई मरू नये म्हणूनच बांधवली होती.

दुसऱ्या दिवशी तो साहेबांसमोर उभा राहिला. खुर्ची दिली तरी बसला नाही. "भिंत पाडा साहेब. जाळी काढा. आणि फाटकावर लोकांसाठी पूल बांधा."

"भिंत पाडायची तर ती चुकली होती, असं म्हणावं लागेल. शिफारस कोणाची?"

"माझी."

"मंजुरी?"

"आपली."

"मग चूक कोणाची?"

गजेंद्र म्हणाला, "आपल्या दोघांची."

असलं उत्तर साहेबांनी नोकरीत प्रथमच ऐकलं. त्यांनी पाणी मागवलं. मग शांतपणे समजावलं, "मी स्वतः त्या भगदाडातून गेलो, कुबडे. वर्तमानपत्रात फोटोही आलाय. वरिष्ठ अधिकारी बेकायदा रस्त्याने जात नाही. अर्थात तो रस्ता कायदेशीर आहे. आणि रस्ता कायदेशीर असेल तर तिथं फाटक हवं."

झालं. भगदाड रीतसर रुंद करण्यात आलं, त्याला क्रमांक मिळाला, दांडा बसला, आणि वळणावर, जिथून काहीच दिसत नाही, तिथं दुसरं फाटक सुरू झालं. पुलाची मागणी मात्र फेटाळली गेली. एकाच गावाला दोन-दोन फाटकं असताना पूल ही चैन ठरते. गजेंद्रला बढती देऊ केली, ती त्याने घेतली नाही. तो वेडा झाला असावा, असं थेट सिंदी गावापर्यंत बोललं गेलं.

मागच्या आठवड्यातली गोष्ट. नवं फाटक पडलं होतं आणि गाव सवयीप्रमाणे दांड्याखालून वाकून पलीकडे जात होतं. गजेंद्र मोटरसायकल बंद करून दांड्याच्या अलीकडे उभा होता. टोपली घेऊन शकुबाई आली, वाकायला लागली, आणि त्याला पाहून थबकली.

"जात नाई काय साहेब?"

"नाही, मावशी. जाऊ द्या गाडी."

"पॅसेंजर चुकंन न माही."

"मी सोडतो वर्ध्याला. बसा मागं."

शकुबाईने त्याच्याकडे पाहिलं, मग वळणाकडे पाहिलं, आणि टोपली खाली ठेवली. दोघंच उभी राहिली. वाकून जाणारे त्यांच्याकडे बघून हसत होते.

तेवढ्यात मागून एक मोटार आली. ती रांगेत थांबली नाही. उलट्या बाजूने सगळ्यांना मागे टाकत थेट दांड्याला नाक लावून उभी राहिली, येणाऱ्यांचा रस्ता अडवून. काच खाली झाली. आतून हॉर्न वाजू लागला, आणि कोणीतरी ओरडलं, "ओ, ती मोटरसायकल बाजूला घ्या! आम्हाला कामं आहेत!"

गजेंद्रने मोटरसायकल बाजूला घेतली.

त्या मोटारीत तुम्हीच होता ना? तुमची कामं झाली ना वेळेवर?