रिकामी गोफण

भानुदासअण्णांनी मला फसवलं. माझ्याच प्लॉटवरचा हुरडा त्यांनी मला खाऊ दिला नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या कॉलनीत नेमकी उलटी गोष्ट फिरते आहे.

अण्णा माझे शेजारी. मागच्या हिवाळ्यात सकाळी सातच्या सुमारास तुम्ही बीड बायपासच्या अलीकडं आमच्या गल्लीत आला असतात, तर ते तुम्हाला गच्चीवर उभे दिसले असते. अंगात कंपनीचा जुना खाकी कोट, डोक्याला माकडटोपी, पायात मोजे आणि स्लीपर, आणि हातात गोफण. चारी बाजूंना सिमेंटची घरं, टाक्या, डिशच्या छत्र्या, आणि मधोमध हा माणूस डोक्याभोवती गोफण गरगर फिरवतोय. फट्ट असा आवाज निघायचा आणि पाठोपाठ आरोळी, "हाऽऽ, हाऽऽ." नवीन आलेले भाडेकरू पहिल्या दिवशी दार लावून घ्यायचे.

अण्णा मूळचे पिशोरचे. पोलिस ॲक्शनच्या साली जन्मलो असं सांगतात. वाळूजच्या एका कंपनीच्या गेटवर त्यांनी तीस वर्षं काढली. शिफ्ट सुटली की कामगारांचे डबे उघडून बघायचे, हे त्यांचं काम. नट-बोल्ट, तांब्याची तार, एकदा तर वरणाखालून बेअरिंग काढली म्हणे. त्यामुळं त्यांचं एकच वाक्य आहे आणि ते सगळ्यांना लागू आहे. "माणूस चांगला आहे. डबा उघडा."

निवृत्तीनंतर कंपनी सुटली, पण गेट सुटलं नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला निघालेल्या बायकांना विचारणार, "पिशवीत काय चाललंय, ताई?" दूधवाल्याच्या कॅनमध्ये बॅटरी मारणार. थंडीत गल्लीच्या कोपऱ्यावर आम्ही सकाळी शेकोटी करतो. ज्यानं त्यानं घरून एक लाकूड आणायचं, हा आमचा नियम. प्रत्येकाचं लाकूड अण्णांच्या हाताखालून जायचं. सय्यद सर शाळेत चित्रकला शिकवायचे. त्यांनी एकदा फळ्याच्या घोडीचा मोडका पाय आणला. अण्णांनी तो उलटसुलट करून पाहिला.

"सर, ही शाळेची मालमत्ता दिसती."

"अण्णा, इसकू और मेरेकू स्कूलने एकीच दिन निकाला," सर म्हणाले. "जलने देव."

आता माझं सांगतो. मी जुनी दारं-खिडक्या विकत घेतो आणि विकतो. वाडे पडतात, मी चौकटी उचलतो. हातगाडीपासून सुरुवात केली, आज घर आहे, आवारात पत्र्याची शेड आहे, आणि घराला लागून एक रिकामा प्लॉट आहे. बापाच्या नावावर कुंडीएवढी जमीन नव्हती. लहानपणी हुरड्याच्या दिवसांत मी दुसऱ्यांच्या शेतावर गोवऱ्या पोचवायला जायचो. पाहुणे उठले की टोपलीच्या तळाशी जो कोंडा-दाणा उरेल तो आमचा. म्हणून तो प्लॉट मी कधी विकला नाही. तो माझ्या घराच्या आणि अण्णांच्या घराच्या बरोबर मधे आहे. तिथं गाजरगवत आणि विटांचे तुकडे याशिवाय काही उगवत नव्हतं.

दसऱ्याच्या आधी अण्णा आले. बसले नाहीत. म्हणाले, "शेठ, प्लॉट मोकळाच हाय. ज्वारी टाकतो म्हणतो. गूळभेंडी. खास हुरड्याची."

"बटईनं?"

"बटईनं."

"बी तुमचं, मेहनत तुमची, पाणी तुमचं. निम्मं निम्मं."

"बरं."

मी चमकलो. तीस वर्षं सौदे करतोय. पहिल्या शब्दाला हो म्हणणारा माणूस एक तर खुळा असतो, नाही तर त्याला त्या मालात रसच नसतो, भलतंच काहीतरी हवं असतं. मी म्हणालो, "निम्मं नको. दोन हिस्से माझे, एक तुमचा."

"बरं."

"कडबाही माझा."

"न्या की."

त्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी औरंगपुऱ्यात एका वकिलाला गाठलं आणि विचारलं, उद्या हा माणूस कूळ म्हणून नाव लावील का? वकील हसून म्हणाला, "घराएवढ्या प्लॉटवर कूळ लावणारा मला भेटवाच. मी त्याची फी घेणार नाही." मी तरीही सय्यद सरांसमोर सौदा पक्का केला. संक्रांतीच्या आधीच्या रविवारी हुरडा. आधी माझे पाहुणे, मग कॉलनी.

पाहुणे म्हणजे जालन्याकडचे माझे व्याही. पिढीजात बागायतदार. मुलीच्या लग्नात त्यांनी सगळं गोड मानून घेतलं, पण एक वाक्य बोलले होते. "तुमच्याकडं शेती नाय, व्हय? असू द्या." ते "असू द्या" माझ्या मनात चार वर्षं टोचत होतं. मी त्यांना कळवून टाकलं की यंदा हुरड्याला आमच्याकडं या. घरचा हुरडा आहे.

ज्वारी मात्र देखणी आली. डिसेंबर लागला तशी कणसं वाकली, दाणा भरायला लागला. पाखरं आली आणि अण्णा गोफण घेऊन गच्चीवर चढले. कॉलनीला मजा वाटली. मला वाटली नाही. पहिली गोष्ट म्हणजे प्लॉटला लागून माझी पत्र्याची शेड आहे. महिनाभर गोफण फुटत होती, पण माझ्या पत्र्यावर एक खडा वाजला नाही. काच फुटली नाही, टाकीला पोचा आला नाही. मग दगड जातो कुठं? दुसरी गोष्ट, आरोळ्या कधीकधी दोन ऐकू यायच्या. एक अण्णांची, दुसरी बारीक, फाटकी. मी ताडलं की यांनी राखणीला कुणी माणूस ठेवला आहे आणि त्याचा वाटा माझ्या दोन हिश्श्यांतून जाणार. तिसरी गोष्ट, इतकी राखण असून पाखरं कमी व्हायच्या ऐवजी वाढत होती. चिमण्या होत्याच, वर पोपटांचे थवे.

"अण्णा, पोपट फार झालेत," मी म्हणालो.

"थंडी लई हाय ना," ते म्हणाले. थंडीचा आणि पोपटांचा संबंध काय, ते त्यांनी सांगितलं नाही.

आणि मग तारखा पुढं जायला लागल्या. दाणा अजून चिकात आहे. मग, दाणा अजून कोवळा आहे. मग, आभाळ आलं होतं, दाण्याला ऊन लागू द्या. हुरड्याचे दिवस किती? दहा-पंधरा. एकदा दाणा टणक झाला की हुरडा संपला, मग ती नुसती भाकरीची ज्वारी. मी कणीस मोडून तळहातावर चोळलं, दाणा तोंडात टाकला. गोड, दुधाळ, तयार. गोवऱ्या वाहणाऱ्याला एवढं कळतं.

"अण्णा, तयार आहे."

"तुम्ही धंद्यातली माणसं," अण्णा म्हणाले. "तुम्हाला कच्चंबी तयारच दिसतं."

मी घरी येऊन ताट आपटलं. बायको सुमन म्हणाली, "अहो, ताटाचा काय दोष?" मी तिला सांगितलं, हा माणूस हुरडा विकणार आहे. रस्त्यावरच्या गाडीवाल्याशी ठरवलं असणार.

व्याही मात्र ठरल्या रविवारी दुपारीच येणार होते. त्या दिवशी सकाळी सातला मी विळा घेतला, फाटक उघडलं आणि माझ्या ज्वारीत शिरलो. धुकं होतं. दोन ओळी ओलांडल्या तर समोर अण्णा उकिडवे बसलेले. मातीच्या परळात पाणी ओतत होते. शेजारी दुसरं परळ, त्यात बाजरी. कोटाच्या एका खिशातून गोफण लोंबत होती, आणि दुसऱ्या खिशातून ते मूठभर बाजरी काढून ओळीत फेकत होते.

म्हणजे रात्रंदिवस लोकांचे डबे उघडणारा हा माणूस माझ्या पिकावर पाखरं बोलावून आणत होता. मी त्यांचा कोट धरला. "सापडलात. बोला आता. कुणासाठी चाललंय हे?"

त्यांनी तोंडावर बोट ठेवलं.

एवढ्यात पाखरांचा थवा उतरला, आणि त्यांच्या घराच्या खिडकीतून ती बारीक, फाटकी आरोळी आली. "हाऽऽ, हाऽऽ. उडा गं, सटव्यांनो. उडा. माझ्या बापाचं शेत हाय हे."

मी कोट सोडला.

ती मथुराकाकूंची हाक होती, अण्णांच्या बायकोची. पावसाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. कॉलनीतल्या बायका भेटायला जायच्या, काकू नुसत्या बघायच्या. सुमनच परत येऊन डोळे पुसायची. अण्णांनी त्यांची खाट खिडकीशी लावली होती. त्या खिडकीतून दिसतो तो माझा प्लॉट.

"डॉक्टर म्हणले, ओळखीचं काही डोळ्यापुढं ठेवा," अण्णा हळूच म्हणाले. "हिच्या डोळ्यापुढं तुमचं गाजरगवत. म्हणलं, जरा हिरवं दिसू द्या. पेरताना नियत साफ होती, शेठ. हुरडा देणारच होतो. पण दाणा भरला, पाखरं आली, आणि एक दिवस ही वरडली. माहेरी पोरवयात शेतातल्या माळ्यावर उभी राहून राखण करायची ना, तसंच. पाणी मागत नाय, माझं नाव घेत नाय. पण पाखरू बसलं की बोलती."

"आणि गोफण?"

"गोफण वाजली की तिला ध्यानात येतं, राखण चालू हाय. दगूड नाय घालत. पाखरं पळाली तर मग?" ते बाजरीकडं बघत होते. "ती हाकलती, मी बोलावतो. सध्या आमचा संसार एवढाच चाललाय. कापलं की संपलं."

माझ्या हातात विळा होता. आत काकू पुन्हा ओरडल्या. मी म्हणालो, "बाजरी ओली टाकू नका, बुरशी येते," आणि परत आलो.

दुपारी दौलताबाद रस्त्यावरून हुरडा विकत आणला. आवारात गोवऱ्या पेटवल्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही, वांग्याचं भरीत, सगळं मांडलं. व्याह्यांनी पहिली मूठ तोंडात टाकली आणि चावता चावता थांबले.

"हा कालचा हाय," ते म्हणाले. "विकतचा." मग कुंपणापलीकडं बघितलं. "शेजारी तर तुमची उभी ज्वारी दिसती."

"ती बियाण्याला ठेवली आहे."

"गूळभेंडी? सगळीच?" व्याही हसले. मनापासून हसले, चेष्टेनं नाही, म्हणून जास्त लागलं. "हुरडा न खाता बियाणं राखणारा शेतकरी पहिल्यांदाच बघितला, इवाई. असू द्या."

पुन्हा तेच असू द्या.

कॉलनीला हुरडा मिळालाच नाही. अण्णा गप्प बसले, मीही गप्प बसलो. शेकोटीवर सय्यद सर म्हणाले, "सेठ, कंजूसी की भी हद होती. जुवार सुखा दी, लोगां कू दाना नै चखाया." लोक हसले. अण्णा तिथंच हात शेकत होते. वर तोंड करून बघितलं नाही त्यांनी.

ज्वारी वाळली. पाखरं येत राहिली. माघ सरल्यावर अण्णांनी ती कापली आणि दोन हिस्से माझ्या दारात आणून ठेवले, कडब्यासकट. भाकरी चांगली झाली. मी खाल्ली नाही.

हे सगळं मी पोटात ठेवलं असतं. पण परवा, यंदाचा दसरा तोंडावर आल्यावर अण्णा पुन्हा आले. तोच कोट. बसले नाहीत.

"शेठ, प्लॉट मोकळाच हाय. ज्वारी टाकतो म्हणतो. बटईनं. दोन हिस्से तुमचे, कडबा तुमचा."

जणू काही झालंच नव्हतं. जणू त्या सकाळी धुक्यात मी नव्हतोच. मी विचारलं, "काकू कशा आहेत?"

"बसल्यात," ते म्हणाले. "खिडकीत बसून बघत असत्यात." मग कोटाचं बटण लावत, "यंदा पाहिजे तर पाऊण घ्या."

माझं डोकं फिरलं. मी त्यांना घालवून दिलं. आत येऊन सुमनला विचारलं, "गेल्या साली त्यांनी सरळ येऊन सांगितलं असतं, की बायकोसाठी प्लॉट द्या, तर मी नाही म्हणालो असतो का?"

ती मेथी निवडत होती. "पहिल्यांदा तुम्ही नाहीच म्हणाला असतात," ती म्हणाली. "मग रात्रभर जागला असतात, आणि सकाळी किल्ली देऊन आला असतात."

मी त्या बोलण्याचा बराच वेळ विचार केला. मग प्लॉटच्या फाटकाची किल्ली घेतली आणि अण्णांच्या दाराबाहेरच्या खिळ्याला अडकवून आलो. सौदा केलेला नाही. हिस्सा ठरलेला नाही. सय्यद सरांनाही साक्षीला बोलावलेलं नाही. आतून काकू माझ्याकडं बघत होत्या. मी हात जोडले. त्या काही बोलल्या नाहीत. मी पाखरू थोडाच आहे.

पण म्हणून माझी तक्रार मिटलेली नाही. हुरडा गेला ते जाऊ द्या. व्याह्यांपुढं मान खाली गेली तीही जाऊ द्या. तीस वर्षं तुम्ही अख्ख्या वाळूजचे डबे उघडलेत, अण्णा. मग शेजारच्या माणसाचा डबा न उघडताच आत काय आहे ते तुम्ही कसं ठरवलंत? माझ्याकडं नुसतं मागता येत नाही, माझ्याशी सौदाच करावा लागतो, हे तुम्हाला कुणी सांगितलं? तुम्ही सांगा, नाही तर शेकोटीवर हसणाऱ्यांपैकी कुणी सांगा. पण याचा जाब मला हवा आहे.