बाटल्या मी धुतल्या

माझी बायको रसायनशास्त्रज्ञ आहे, हे मी कोणाशीही बोलताना पहिल्या दोन वाक्यांत उरकून घेतो. (न्हाव्याकडे तर खुर्चीत बसता बसताच सांगतो, कारण एकदा कात्री चालू झाली की तो दुसऱ्याला बोलू देत नाही.) मी स्वतः विमा कंपनीत कारकून आहे. त्याबद्दल कोणी विचारत नाही, मीही आग्रह धरत नाही. अन्नात आणि सांडपाण्यात लपलेली घातक द्रव्यं शोधायची आणि काढून टाकायची, हे बायकोचं काम. त्यामुळे बाजारातून आणलेला पालक आमच्या घरात आधी आरोपी असतो आणि निर्दोष सुटला तरच त्याची भाजी होते.

त्या दिवशी मात्र परीक्षा तिची होती. गावातल्या लाँड्र्यांचं साबणाचं पाणी नदीत जाऊन मासे मरत होते. तो साबण धरून ठेवणारा फिल्टर तिनं करवंट्यांच्या कोळशापासून तयार केला होता. त्यापायी तिच्या कित्येक सुट्ट्या गेल्या आणि आमच्या गच्चीला कायमचा काळा रंग आला. आता पाणीखात्याची समिती तो बघायला येणार होती. पसंत पडला तर सांडपाणी केंद्रावर मोठा फिल्टर बसणार, नाही तर काम बंद. सकाळी तिनं बिनसाखरेचा चहा पूर्ण प्यायला आणि तिच्या लक्षातही आलं नाही. मला फार वाईट वाटलं. आपणही काहीतरी हातभार लावावा, असं मी ठरवलं. (माझ्या आयुष्यातल्या बहुतेक संकटांची सुरुवात याच वाक्यानं होते.)

थेट केंद्रावर जाऊन पाणी भरायचं, म्हणून तिनं नमुन्याच्या तीन बाटल्या घरी आणून ठेवल्या होत्या. ती आंघोळीला गेल्यावर मी त्या उजेडात धरून पाहिल्या. काचेवर पाण्याचे पांढुरके डाग. मोठमोठे साहेब येणार आणि माझ्या बायकोच्या बाटल्या अशा? मी भांड्यांचा साबण घेतला आणि बाह्या सरसावल्या. ‘फिल्टरनंतर’ अशी चिठ्ठी असलेल्या बाटलीला जरा जास्तच साबण लावला, कारण खरी इज्जत तिचीच होती. एकदा खळबळल्या आणि तेवढ्यात नळाचं पाणी गेलं. मग फडक्यानं पुसल्या आणि बुचं लावून पेटीत ठेवल्या. अशा चकाकत होत्या की मला त्यांत माझं तोंड दिसलं आणि तेही बरं दिसलं.

मी रजा काढून पेटी उचलायला सोबत गेलो. केंद्रावर दोन बाटल्या भरून आम्ही तिच्या प्रयोगशाळेत आलो. तिथे सगळे मला दाजी म्हणतात, त्यामुळे मागच्या बाकावर जागाही मिळाली. बायकोनं समितीला समजावून सांगितलं, की पाण्यात एक निळं औषध आणि पाण्यात न मिसळता तळाशी बसणारा एक द्रव घालून हलवायचं. साबण जितका जास्त, तितका तळाचा थर निळा. फिल्टरच्या आधीच्या पाण्याचा तळ निळा झाला. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग फिल्टरनंतरचं पाणी आलं. त्याचा तळ त्याहून निळा झाला.

समितीच्या प्रमुख बाईंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. थर तरीही निळाच होता. बाजूचे साहेब म्हणाले, की हा फिल्टर साबण काढतो की घालतो? माझ्या एवढ्या हुशार बायकोचं गणित चुकलं कसं, या विचारानं मला रडू यायचं बाकी होतं.

ती मात्र शांत होती. तिनं तिसरी, न वापरलेली बाटली घेतली, तिच्यात प्रयोगशाळेतलं शुद्ध पाणी भरलं आणि तीच परीक्षा केली. तळ निळा. मग तिनं बाटलीचं तोंड नाकाशी नेलं.

“लिंबाचा वास येतोय,” ती म्हणाली.

प्रमुख बाईंनी विचारलं, “या बाटल्या धुतल्या कोणी?”

इतक्या चकचकीत बाटल्यांची अखेर कोणीतरी दखल घेतली, असं वाटून मी उभा राहिलो. “मी,” म्हणालो. वर, कौतुकाची गरज नाही, बायकोसाठी एवढं तर केलंच पाहिजे, असंही म्हणालो. मग बायकोकडे पाहिलं आणि बसलो.

ती समितीकडे वळून म्हणाली, “बरं झालं. आता ‘फिल्टरनंतर’च्या बाटलीतलं उरलेलं पाणी पुन्हा गाळते. फिल्टरच्या आधी नव्हता एवढा साबण यांनी घातलाय.”

तिनं ते पाणी टेबलावरच्या छोट्या फिल्टरमध्ये ओतलं आणि प्रयोगशाळेतल्या पात्रात धरलं. पुन्हा औषध घातलं, पुन्हा हलवलं. सगळे वाकून बघत होते. मी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा तळाचा थर जवळजवळ बिनरंगी होता. प्रमुख बाई म्हणाल्या, की परिस्थिती अगदीच हाताबाहेर गेली तर काय, असं त्या विचारणारच होत्या, पण आता गरज उरली नाही. फिल्टर मंजूर झाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि सर्वांत जोरात मी. माझी छाती इतकी फुगली की शर्टाचं एक बटण तुटलं. घरी येताना बायकोही हसली, थोडी उशिरा, पण हसली.

आता केंद्रावर मोठा फिल्टर चालू आहे. प्रयोगशाळेत मात्र नवा नियम झालाय. नमुना भरण्याआधी रिकाम्या बाटलीत शुद्ध पाणी घालून साबण तपासतात आणि नसला तर वर शिक्का मारतात : ‘दाजीमुक्त’. शास्त्रज्ञांच्या नावानं चाचण्या असतात त्या बहुधा ते गेल्यावर. माझ्या नावाची मी हयात असताना निघाली, हे मी न्हाव्यालाही सांगितलं. (त्यानं कात्री थांबवली.) परवा अभिमानानं ते शिक्के स्वतःच्या डोळ्यांनी बघायला गेलो, तर पहारेकऱ्यानं दारातच अडवलं आणि वर बोट दाखवलं. तोच शिक्का, मोठ्या अक्षरांत, त्यांनी अख्ख्या इमारतीवर मारलाय.